पंतप्रधानांना विचारलेला प्रश्न जातो कुठे?

नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या खासदाराला कांद्याविषयी थेट पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा आहे, असं समजू. कारण तसंच आहे. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. डिसेंबरच्या 8 तारखेपासून निर्यातच बंद झाली. ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत असेल असं सांगितलं होतं. ती मुदत संपायच्या आत ती बेमुदत वाढली. मग 4 मे रोजी बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क निम्मं झालं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. एकोणीस महिन्यांत धोरण इतक्या वेळा फिरलं, आणि त्या प्रत्येक फिरण्यात कुणाचा तरी कांदा साठवणीच्या चाळीत होता, कुणाचा ट्रॉलीत होता, कुणाचा न्हावाशेवा बंदरातल्या कंटेनरमध्ये होता.

आता या खासदाराने प्रश्नाची सूचना लिहिली. पंतप्रधानांच्या नावे. ती लोकसभा सचिवालयात गेली. तिथे पहिली गोष्ट ही पाहिली जाते की हा विषय सरकारी कामाच्या वाटपात कुठल्या खात्याकडे येतो. निर्यातबंदी विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणून प्रश्न वाणिज्य मंत्रालयाकडे. शुल्काचा भाग अर्थ मंत्रालयाकडे. बफर साठा आणि शहरातला किरकोळ भाव ग्राहक व्यवहार खात्याकडे. लागवड, उत्पादन, नुकसान कृषी मंत्रालयाकडे. चारही खाती आपापल्या हद्दीत राहून अचूक उत्तर देऊ शकतात. पण शेतकऱ्याचा खरा प्रश्न या चौघांच्या मधल्या जागेत आहे: शहरातल्या ग्राहकाच्या पिशवीतला भाव आणि शेतकऱ्याला बाजार समितीत मिळणाऱ्या पट्टीतला भाव या दोन्हींचं वजन सरकारने कोणत्या तराजूत केलं? ज्या मेजावर ही चार खाती एकत्र येतात, त्या मेजाच्या मुख्य खुर्चीवर पंतप्रधान असतात. आणि नेमक्या त्याच खुर्चीपर्यंत प्रश्न पोहोचत नाही.

कुणा एका पंतप्रधानाच्या स्वभावाची तक्रार म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या संसदेने केलेली व्यवस्थाच अशी आहे, आणि ती बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे. पंतप्रधानांनी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, अर्धा तास लोकसभेत उभं राहून आधी न कळवलेल्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यावीत. धोरणाविषयीच्या प्रश्नांना. दुसऱ्या खात्याकडे न ढकलता.

प्रश्नोत्तराचा तास चालतो कसा, हे आधी पाहायला हवं, कारण अडचण तपशिलात आहे. लोकसभेत सकाळी 11 ते 12 हा तास. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक वार. एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात, म्हणजे ज्यांना तोंडी उत्तर मिळू शकतं असे. आणि 230 अतारांकित, ज्यांची उत्तरं फक्त लेखी येतात. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. कुणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीवर ठरतं. मंत्री उठतात, उत्तर पटलावर ठेवलं आहे असं सांगतात, आणि खरा खेळ पुढे सुरू होतो: उपप्रश्न. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न, मग अध्यक्ष ज्यांना संधी देतील ते. वीसपैकी पाच-सहा प्रश्नांपर्यंत जरी तास पोहोचला तरी तो चांगला गेला असं मानतात.

पंतप्रधानांच्या खात्यांचा वार लोकसभेत बुधवार. पण त्यांच्याकडे खाती कोणती? कार्मिक, अणुऊर्जा, अंतराळ. नोकरभरती, निवृत्तिवेतन, उपग्रह, अणुभट्ट्या. महत्त्वाचे विषय आहेत, पण नोटबंदी, टाळेबंदी, चीनची सीमा, मणिपूर, कांदा यांपैकी काहीही त्यात येत नाही. आणि जे येतं त्याचंही उत्तर गेली अनेक वर्षं सहसा पंतप्रधान कार्यालयातले राज्यमंत्रीच देतात. छापील प्रश्नावर 'पंतप्रधान हे सांगण्याची कृपा करतील काय' असं लिहिलेलं असतं, खाली उत्तरापुढे नाव राज्यमंत्र्यांचं.

यात आणखी एक नियम आहे, ज्याची बाहेर फारशी चर्चा होत नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमावलीतला 41 वा नियम प्रश्न कसा असावा हे सांगतो. दीडशे शब्दांपेक्षा मोठा नको, तर्क किंवा आरोप नकोत, वगैरे. त्यातच एक अट अशी की प्रश्नाच्या उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही इतक्या व्यापक धोरणाचा मुद्दा प्रश्नातून काढता येणार नाही. अटीमागचा विचार समजतो. आकडा विचारायच्या जागी अख्खं परराष्ट्र धोरण विचारलं तर मंत्री काय करणार? पण खात्यांची वाटणी आणि ही अट एकत्र ठेवून पाहा. छोटा प्रश्न खात्याकडे जातो आणि मोठा प्रश्न नियमात बसत नाही. देशाच्या धोरणाविषयी देशाच्या कार्यकारी प्रमुखाला साधा प्रश्न विचारण्याची रोजच्या कामकाजात जागाच उरत नाही. राज्यघटनेचं 75 वं कलम मात्र सांगतं की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. सामूहिक जबाबदारीचं उत्तर तुकड्यातुकड्यांत कसं मिळणार?

नेहरूंच्या काळात असं नव्हतं, हे आपण नेहमी ऐकतो. खरं आहे, पण त्याचं कारण फक्त नेहरूंचा लोकशाहीवादी स्वभाव नव्हे. ते पंतप्रधान होते तेवढी सगळी वर्षं परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच होतं. त्यामुळे परराष्ट्र खात्याचे प्रश्न आले की उत्तर द्यायला पंतप्रधानच उभे राहत. भारत आपला मानतो त्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधला आहे, हे देशाला कळलं ते 28 ऑगस्ट 1959 रोजी, लोकसभेत, नेहरूंच्या तोंडून. सरकारला हे आधीपासून माहीत होतं. ऑक्टोबर 1958 मध्ये चीनकडे निषेधही नोंदवला होता. संसदेला मात्र जवळजवळ वर्षभर सांगितलं नव्हतं. सदस्यांनी विचारल्यावर सांगावं लागलं, आणि पुढच्या काही दिवसांतच चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका सभागृहापुढे आली. त्या माहितीने नेहरूंची प्रतिमा उजळली नाही. उलट तिथूनच त्यांच्या चीन धोरणावरचा अविश्वास वाढत गेला. तरी ते उभे राहिले, कारण खातं त्यांचं होतं आणि उभं राहणं भाग होतं. पुढे पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री ही पदं बहुतेक काळ वेगळी झाली आणि ती सवय गेली. नियमावर न टेकलेली सवय होती, ती माणसाबरोबर गेली.

प्रश्नाची ताकद काय असते याचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण त्याच काळातलं आहे, आणि त्याचा शेवट मुंबईत झाला. आयुर्विमा महामंडळ 1956 मध्ये स्थापन झालं. लाखो पॉलिसीधारकांचा पैसा त्याच्याकडे आला. 1957 च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले, तेही महामंडळाच्या स्वतःच्या गुंतवणूक समितीला वळसा घालून. या व्यवहाराविषयी लोकसभेत प्रश्न आला. अर्थखात्याच्या उत्तराने समाधान झालं नाही. मग पुन्हा प्रश्न, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधींचं ते गाजलेलं भाषण. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते. पंतप्रधानांचे जावई होते. ज्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले ते टी. टी. कृष्णम्माचारी त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री आणि नेहरूंचे विश्वासू. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत खुली सुनावणी घेतली, लोकांनी गर्दी करून ती ऐकली, आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. खात्यात जे घडलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

या साखळीची सुरुवात यादीतल्या एका प्रश्नाने झाली, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. मोर्चा नव्हता, न्यायालयात याचिका नव्हती. उत्तर नोंदीत आलं, ते अपुरं आहे हे नोंदीतच दिसलं, आणि मग त्या नोंदीपासून मागे हटणं सरकारला जमलं नाही. उत्तर खोटं किंवा अर्धं ठरलं तर तो सभागृहाचा अवमान ठरू शकतो. प्रचारसभेत, रेडिओवर किंवा लाल किल्ल्यावरून बोललेल्या वाक्याला हे बंधन नसतं. पंतप्रधान देशाशी इतके बोलतात, मग आणखी काय हवं, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. भाषणात विषय बोलणारा निवडतो. उत्तरात विषय समोरचा निवडतो, आणि न पटल्यास पुन्हा विचारतो.

ब्रिटनकडे आपण या बाबतीत नेहमी बोट दाखवतो, पण तिथेही हीच अडचण होती हे फारसं सांगितलं जात नाही. पंतप्रधानांना विचारलेला प्रश्न तिथेही संबंधित खात्याकडे पाठवला जाई. 1961 मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांच्या काळात मंगळवार आणि गुरुवार असे पंधरा-पंधरा मिनिटांचे वेळ ठरले, तरी प्रश्न हस्तांतरित होण्याची भीती उरलीच. मग खासदारांनी एक साधी वाट काढली. लेखी सूचना फक्त एवढीच द्यायची: पंतप्रधानांचे आजचे कार्यक्रम काय आहेत? दिवसभराचे कार्यक्रम दुसरा मंत्री कसा सांगणार? हा प्रश्न दुसरीकडे पाठवताच येत नाही. आणि एकदा तो उभा राहिला की उपप्रश्न कुठल्याही विषयावर, पूर्वसूचनेशिवाय. सत्तरच्या दशकात ही रीत रुळली. 1997 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन वेळांचा मिळून बुधवारचा अर्धा तास केला. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. बाकीच्यांची नावं सोडतीतून.

त्या अर्ध्या तासात आरडाओरडा फार होतो, विनोदाची चढाओढ होते, उत्तर टाळलं जातं. हे सगळं खरं आहे आणि आपल्याकडे ते याहून वाईट होईल अशी भीती रास्त आहे. पण 1 डिसेंबर 2021 चा बुधवार पाहा. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या निवासस्थानी मेजवानी झाल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती. विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर यांनी विचारलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी उत्तर दिलं की सर्व नियम पूर्णपणे पाळले गेले. एक वाक्य. पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागली असती तर ते वाक्य कुणा अधिकाऱ्याने घासूनपुसून निरुपद्रवी केलं असतं. पुढे पुरावे आले, आणि विशेषाधिकार समितीने त्या विधानांची तपासणी केली. समितीत बहुमत जॉन्सन यांच्याच पक्षाच्या खासदारांचं होतं. जून 2023 मध्ये तिने निष्कर्ष काढला की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. तोवर त्यांनी खासदारकी सोडली होती. सभागृहाने अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला. त्या बुधवारी सभागृहात किती गोंगाट होता हे कुणाला आठवत नाही, नोंद राहिली.

आपल्याकडे अशी नेमाची जागा नसल्याने काय होतं? साध्या उत्तरासाठी सगळ्यात जड हत्यार उचलावं लागतं. 2023 मध्ये मणिपूर पेटलं असताना पंतप्रधानांनी सभागृहात बोलावं म्हणून विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. सरकार पडणार नाही हे ठराव मांडणाऱ्यांनाही माहीत होतं, आणि पंतप्रधानांना बोलतं करणं हाच हेतू असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. 8 ते 10 ऑगस्ट चर्चा झाली, पंतप्रधान शेवटच्या दिवशी दोन तासांहून अधिक बोलले. पण ते भाषण होतं. मध्येच उठून दुसरा प्रश्न विचारायची सोय त्यात नसते. 2016 च्या हिवाळी अधिवेशनात नोटबंदीवरच्या चर्चेला पंतप्रधानांनी बसावं की नाही यावरच दिवस गेले. आणि त्याआधी, 2012 च्या पावसाळी अधिवेशनात कोळसा खाणींच्या वाटपावरून तेव्हाच्या विरोधकांनी म्हणजे भाजपने कामकाज रोखलं, तेव्हा मनमोहन सिंग यांनी निवेदन केलं आणि सभागृहाबाहेर आल्यावर, हजार उत्तरांपेक्षा माझं मौन बरं, अशा अर्थाचा शेर ऐकवला. 2010 चं हिवाळी अधिवेशन तर टू-जी दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणाच्या चौकशी समितीच्या मागणीत जवळजवळ पूर्ण वाहून गेलं. बाकं बदलली, रीत तीच राहिली.

यात विरोधकांचा दोष मी झाकणार नाही. प्रश्नोत्तराचा तास हा विरोधी खासदाराचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, आणि तोच बुडवायला ते अकरा वाजता फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोरच्या हौद्यात उतरतात. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने 1957 पासून नाथ पै आणि 1971 पासून मधू दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. पुण्याचे मधू लिमये बिहारमधून निवडून जात. या माणसांचा दरारा घशाच्या जोरावर नव्हता. नियमावली त्यांना पाठ होती आणि उपप्रश्न कुठे रुतवायचा हे ठाऊक होतं. एका ओळीच्या उपप्रश्नासाठी ते आधी किती तास ग्रंथालयात बसत असतील, याची आजच्या किती खासदारांना जाणीव आहे? पंतप्रधानांचा हा अर्धा तास सुरू झाला तर पहिली परीक्षा विरोधकांचीच होईल. अभ्यास नसलेला प्रश्न देशासमोर उघडा पडेल. मला ते हवं आहे.

उपप्रश्न गेला की काय उरतं हे आपण 2020 मध्ये पाहिलं. सप्टेंबरच्या अधिवेशनात साथीचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. पहिल्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले या प्रश्नाला श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की अशी माहिती ठेवलेली नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली होती. 8 मेच्या पहाटे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली होती. त्या लेखी उत्तरावर 'का ठेवली नाही?' एवढे तीन शब्द विचारायला सभागृहात कुणाला उभं राहता आलं नाही. आणि टाळेबंदीचा निर्णय श्रम मंत्रालयाचा नव्हताच.

पंतप्रधानांना वेळ कुठे असतो, हा आक्षेप मला सगळ्यात दुबळा वाटतो. पहिल्या लोकसभेच्या बैठका वर्षाला सरासरी 135 दिवस होत असत. सतराव्या लोकसभेत ही सरासरी 55 वर आली. पाच दिवसांचा आठवडा धरला तर वर्षाला अकरा आठवडे. आठवड्याला अर्धा तास म्हणजे वर्षाला साडेपाच तास. एवढ्या मोठ्या देशाच्या लोकसभेसाठी हे फार आहेत का? कॅनडात तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी 2017 पासून बुधवारचे सगळे प्रश्न स्वतः घ्यायची प्रथा पाडली होती, आणि तिथे हा वेळ पाऊण तासाचा असतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. आधीच आपलं राजकारण एका माणसाभोवती फिरतं. असा तास ठेवला तर ते आणखी फिरेल, बाकीचे मंत्री आणखी पुसट होतील. मी यावर बराच विचार केला आहे. पण सत्ता एका ठिकाणी एकवटलेली असेल आणि प्रश्न मात्र दहा ठिकाणी वाटलेले असतील, तर तोटा कुणाचा होतो? निर्णय जिथे होतो तिथे प्रश्न पोहोचला पाहिजे. मंत्र्यांचा रोजचा तास तसाच राहू द्या, हा अर्धा तास त्याच्या जोडीला असू द्या.

आपल्या सभागृहाची घडण ब्रिटनपेक्षा वेगळी आहे, म्हणून नक्कल चालणार नाही. विरोधी पक्षनेत्याला काही प्रश्न हवेतच, पण उरलेले सोडतीने, आणि त्या सोडतीत लहान प्रादेशिक पक्षांना राखीव वाटा हवा. नाहीतर दोन मोठ्या पक्षांचीच जुगलबंदी पाहत बसावं लागेल. सत्ताधारी बाकांवरच्या खासदारांनाही संधी हवी. त्यातले बरेच स्तुतीचे प्रश्न विचारतील हे मान्य. पण एखादा फिरोज गांधीही निघू शकतो. उपप्रश्न मूळ प्रश्नकर्त्याचाच, निदान एक. दुसऱ्या खात्याकडे हस्तांतर नाही. पंतप्रधान परदेशात असतील तर पुढच्या आठवड्यात भरपाई. लगेच सांगता न येणारा आकडा नंतर लेखी द्यावा, आणि तो दिला का हे पाहायला लोकसभेची आश्वासन समिती 1953 पासून आहेच. मंत्र्याने 'विचार करू' असं म्हटलं तरी ते आश्वासन धरून, ते तीन महिन्यांत पुरं होतं का याचा पाठपुरावा करणं हे तिचं काम आहे.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. घटनेच्या 118 व्या कलमाने प्रत्येक सभागृहाला आपले नियम करायचा अधिकार दिला आहे. नियम समितीने मसुदा करायचा, सभागृहाने मान्य करायचा. बुधवार पंतप्रधानांच्या खात्यांचा वार आहेच; प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर, बारा वाजता, शून्य प्रहराच्या आधी अर्धा तास. आणि नियम होईपर्यंत एखाद्या पंतप्रधानाने स्वतःहून सुरुवात केली तर त्याला कुणीही अडवणार नाही.

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे, मला ती फार आवडते. आधी 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', आणि सगळ्यात शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. तिच्यात पळवाट ठेवलेली नसते. लासलगावच्या लिलावात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न मी त्याच भाषेत लिहून ठेवला आहे, पहिल्या बुधवारसाठी:

माननीय पंतप्रधान पुढील बाबींचा खुलासा करतील काय: (1) ऑगस्ट 2023 ते एप्रिल 2025 या काळात कांदा निर्यातीचे धोरण वारंवार बदलण्यात आले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, प्रत्येक बदलापूर्वी कांदा उत्पादकांच्या होणाऱ्या नुकसानीचा अंदाज मंत्रिमंडळासमोर ठेवण्यात आला होता काय, (3) असल्यास, तो किती होता, (4) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?